आधी तिचे पाय बघा

‘तेहतीस वर्षं लेकीसारखी सांभाळली आणि परक्यांनी येऊन उचलून नेली.’ जुलै २०२५ नंतर हे वाक्य मी नवीन पनवेलमध्ये किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! आमच्याकडे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याची घरं पुष्कळ. कळंबोलीला रात्री गाडी पकडायची आणि पहाटे गावी उतरायचं, हा इथल्या कितीतरी कुटुंबांचा सणावाराचा शिरस्ता. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातून महादेवी हत्तीण जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राण्यांच्या केंद्रात गेली, तेव्हा कोल्हापूरइतकीच हळहळ आमच्या जिन्यांवर आणि स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवरही होती. निरोपाचे व्हिडिओ फिरले. दोन लाखांवर सह्या गोळा झाल्या. ‘वनतारा’ ज्या उद्योगसमूहाची, त्याच्यावरचा राग म्हणून माणसांनी त्याच्या मोबाइल कंपनीची सिमकार्डं बदलली. ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत ४५ किलोमीटर माणसं पायी चालत गेली. इतकी माणसं एका जनावरासाठी चालतात, याचं मोल मी जाणतो.

पण या सगळ्यातून जे मत घट्ट बसलं आणि आता जणू सर्वमान्य झालं आहे, ते मला मुळीच मान्य नाही. ते मत असं : महादेवी मठात सुखी होती. तिला माहूत होता, पोटभर खायला होतं, साऱ्या गावाची माया होती. निघताना ती रडली, ते उभ्या महाराष्ट्रानं पाहिलं, आणखी पुरावा काय हवा? हत्ती कसा सांभाळायचा हे बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी आणि रखवालदारांनी आम्हाला शिकवू नये. तिला परत आणा आणि होती तिथं ठेवा. तेही जमत नसेल तर जंगलात सोडून द्या, पण त्या लोकांकडे नको.

यातलं एकेक वाक्य चुकीचं आहे, आणि ही चूक आपण जिच्यासाठी रडलो तिलाच भोवणारी आहे.

सुखी होती, हे कशावरून ठरवलं? मुलांना सोंडेनं आशीर्वाद देत होती, यावरून? मिरवणुकीत झूल पांघरून उभी राहत होती, यावरून? हत्ती सुखात आहे की नाही हे बघायचं तर नजर त्याच्या कपाळावरच्या रंगावरून काढून खाली, पायांवर न्यावी लागते. या साऱ्या आंदोलनात तिच्या डोळ्यांबद्दल जितकं बोललं गेलं, त्याच्या शंभराव्या हिश्शानंही तिच्या पायांबद्दल बोललं गेलं नाही.

हत्तीचा पाय खांबासारखा दिसतो म्हणून आपण त्याला खांबच समजतो. प्रत्यक्षात आतली हाडं बघितली तर हत्ती जवळजवळ बोटांवर उभा असतो, आणि टाचेच्या जागी चरबी आणि तंतूंची जाड गादी असते. अडीच-तीन टनांचं ओझं ती गादी पेलते. खालचा तळवा सतत वाढत राहतो, नखंही वाढत राहतात. रानातला हत्ती दिवसाचे सोळा-सोळा तास चरत, चालत असतो. माती, वाळू, दगड, चिखल यांवरून चालताना तळवा आणि नखं आपोआप झिजतात. तोच हत्ती फरशीवर किंवा काँक्रीटवर एका जागी, पायात साखळी घालून उभा करा. वाढलेला तळवा झिजत नाही, त्याला भेगा पडतात. भेगांत खडे अडकतात. मूत्र आणि शेणाच्या ओलीनं कातडी कुजते. नखं वाढून एकमेकांवर चढतात, त्यांच्या कडा फाटतात, आत पू धरतो. हा पू हाडापर्यंत पोचला की चांगले डॉक्टरही बहुतेकदा हात टेकतात. कैदेतले पुष्कळ हत्ती मरतात ते वाघानं किंवा साथीनं नव्हे. पायांच्या रोगांनी आणि सांध्यांच्या झिजेनं ते अंथरूण धरतात आणि त्यातच जातात.

सांध्यांचं दुखणं आणखी वाईट, कारण ते दिसत नाही. गुडघे-घोटे दुखणारा हत्ती खाली बसायला घाबरतो, कारण बसला तर उठता येईल याची त्याला खात्री नसते. मग तो उभ्यानं झोपतो, आठवडेच्या आठवडे. आणि दमून एकदा कडक फरशीवर आडवा झालाच, तर स्वतःच्याच वजनानं त्याच्या कुशीला आणि गालफडाला जखमा होतात, जशा खाटेला खिळलेल्या माणसाला पाठीला होतात. म्हणूनच चांगल्या केंद्रात मऊ वाळूचे उंचवटे केलेले असतात. हत्ती त्यावर रेलतो, अर्धवट आडवा होतो आणि कमी त्रासात उठतो. आपल्या डोळ्यांना तो नुसता वाळूचा ढीग दिसतो. त्याला ती कित्येक वर्षांनी मिळालेली झोप असते.

महादेवीबद्दल उच्चाधिकार समितीसमोर आणि न्यायालयासमोर जे अहवाल आले, त्यांत काय होतं? पायांना कूज, वाढलेली नखं, संधिवाताची वरची पायरी, अंगावर जखमा आणि सतत मान हलवत राहण्याची सवय. मठानं आपली बाजू मांडली. ती ऐकून घेऊनच मुंबई उच्च न्यायालयानं १६ जुलै २०२५ रोजी सांगितलं की, धार्मिक विधींसाठी हत्तीण वापरण्याचा माणसांचा हक्क आणि बरं आयुष्य जगण्याचा हत्तिणीचा हक्क यांत निवड करायची तर हत्तिणीचा हक्क वरचढ. जुलैच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश कायम ठेवला. ‘एका रात्रीत उचलून नेली’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी ध्यानात घ्यावं की, हे प्रकरण कित्येक महिने समितीपुढे आणि न्यायालयापुढे चाललं होतं.

मान हलवण्याबद्दल दोन शब्द. आपण लहानपणापासून ‘हत्ती डोलतो’ म्हणून टाळ्या वाजवत आलो. कळपात राहणारा हत्ती असा तासन्‌तास एकाच लयीत डोलत उभा राहत नाही. एकटेपणानं आणि बांधून ठेवल्यामुळे ज्याचं मन थकलं, त्याचं ते लक्षण आहे, हे प्राण्यांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. ज्याला आपण तिचा आनंद समजत होतो ते तिचं दुखणं होतं.

आता ‘लेकीसारखी’ या शब्दाकडे येतो, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. महादेवीचं वय सुमारे छत्तीस सांगितलं गेलं आणि मठातला मुक्काम तेहतीस वर्षांचा, १९९२ पासूनचा. म्हणजे ती आली तेव्हा तीनेक वर्षांची होती. आशियाई हत्तिणीचं पिल्लू तीन-चार वर्षांपर्यंत आईचं दूध पितं. मादी पिल्लू तर आईला आयुष्यभर सोडत नाही. आई, मावश्या, बहिणी, त्यांची पिल्लं हाच तिचा कळप आणि हेच तिचं जग. त्या वयात आईपासून तोडलेलं पिल्लू आपल्या अंगणात आलं आणि पुढं तीन दशकं आपल्या जातीच्या सोबतीवाचून वाढलं. लेक म्हणायचं तर मग तिच्या आईचा प्रश्न कुणी विचारला का? तिला कुणाशी बोलावंसं वाटत असेल? हत्ती एकमेकांशी इतक्या खोल, खर्जातल्या आवाजात बोलतात की तो आवाज माणसाच्या कानांना ऐकूही येत नाही. त्या आवाजाला नांदणीत उत्तर देणारं कोण होतं? कितीही मायेचा माहूत असला तरी तो हत्ती नाही.

एकट्या प्राण्याचं काय होतं याचं उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात पोलो नावाचा गोरिला होता. १९९५ मध्ये डब्लिनहून आला. देशात दुसरा गोरिला नव्हता. जोडीदारीण मिळवण्याचे प्रयत्न झाले, पण ती मिळाली नाही. खायला चांगलं, रखवालदार प्रेमळ, बघायला रोज गर्दी, आणि तरी २०१४ मध्ये तो एकटाच गेला. नंतर २०२१ मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेम्बा हे दोन नर म्हैसूरला आले, ते दोघं बरोबर आले. समूहात राहणाऱ्या प्राण्याला आपल्या जातीचं कुणीतरी लागतं, ही गोष्ट गोरिलाच्या बाबतीत मान्य झाली. हत्तीच्या बाबतीत मात्र ‘गाव आहे ना सोबतीला’ असं आपण म्हणतो.

आणि ते अश्रू. हत्तीला आपल्यासारख्या अश्रुग्रंथी नसतात. डोळ्यांतला ओलावा नाकात वाहून नेणारी नळीही नसते. त्यामुळे डोळ्यांतून पाझरणारं पाणी गालावरून खाली येतं, उन्हात येतं, धुळीत येतं, उभ्याउभ्याही येतं. महादेवीला त्या दिवशी काहीच वाटलं नसेल असं मी म्हणत नाही. ट्रक, गर्दी, ओरडा, ओळखीचा माणूस मागं राहणं, यानं कुठलाही हत्ती बिथरेल. पण गालावरच्या ओल्या रेघेवरून तिनं आपल्या बाजूनं कौल दिला असं ठरवणं म्हणजे तिच्या तोंडी आपलं वाक्य घालणं. पायाचं दुखणं तीसुद्धा सांगत होती, वर्षानुवर्षं, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकत. ते सांगणं कुणी मोबाइलवर टिपलं नाही.

मला सर्वांत जास्त चीड येते ती मात्र ‘बाहेरच्यांनी शिकवू नये’ या वाक्याची.

हत्ती सांभाळण्याची विद्या आपल्याकडे कधीच एका गावापुरती नव्हती. पालकाप्य मुनींच्या नावावर असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ हा हत्तींच्या रोगांवरचा अवाढव्य ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९४ मध्ये छापला. ती मुनींची परंपरा अंगदेशाची सांगतात, म्हणजे आजच्या बिहारची. ग्रंथ छापला पुण्यानं. माहूत तरी कुठं एका गावचे होते? संस्थानांच्या पीलखान्यांत हत्ती आसाम-म्हैसूरकडून यायचे आणि त्यांना ओळखणारी माणसंही त्यांच्यामागून यायची. बाहेरून आलेल्या जाणकाराचं ऐकणं ही आपली जुनीच रीत आहे. मग आजच आपल्याला त्यात अपमान का वाटावा?

अमेरिकेत टेनेसीमध्ये सर्कशीतून सुटलेल्या हत्तींसाठी १९९५ मध्ये कॅरल बकली यांनी एक आसरा उभा केला. नंतर त्या भारत-नेपाळमध्ये येऊन माहुतांना पायांची निगा शिकवत फिरल्या. तळवा किती तासायचा, नखाची कड कशी गोल करायची, भेग कुठवर साफ करायची, हे त्या हातात कानस घेऊन माहुताच्या शेजारी बसून शिकवत. नेपाळमध्ये चितवनला सरकारी हत्तींच्या साखळ्या काढून त्यांच्यासाठी कुंपणं उभी राहिली ती त्यांच्याच मदतीनं, आणि त्या कुंपणात आज हत्ती सांभाळतात ते नेपाळी माहूत. यात कुणाची मान खाली गेली?

आफ्रिकेतलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. पूर्व काँगोमध्ये ‘ग्रेस’ नावाचं केंद्र २०१० च्या सुमारास सुरू झालं. शिकाऱ्यांनी आया मारून पळवलेली ग्राउअर जातीच्या गोरिलांची अनाथ पिल्लं तिथं आणली जातात. भोवती लढाया, रस्ते नाहीत, गरिबी आपल्यापेक्षा कितीतरी पट. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांमधले अनुभवी रखवालदार तिथं काही आठवडे जाऊन राहत. नवीन पिल्लू कळपात कसं मिसळवायचं, आजारी गोरिलाला न बांधता, न मारता तपासणीसाठी जवळ कसं बोलवायचं, रोजच्या नोंदी कशा ठेवायच्या, हे शिकवून परत जात. केंद्र चालवतात ते काँगोचेच लोक, आसपासच्या गावांतले. आणि २०२४ मध्ये त्यांतल्या चार माद्यांना विरुंगा राष्ट्रीय उद्यानातल्या रानटी गोरिलांकडे सोडण्यात आलं. त्या गावकऱ्यांनी ‘आमच्या गोरिलांबद्दल आम्हाला शिकवू नका’ म्हटलं असतं, तर त्या चौघी आज कुठं असत्या?

पाहुणा रखवालदार नेमकं काय शिकवतो, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘परके’ म्हणून त्याला हाकलणाऱ्यांनी ते बघितलेलंच नसतं. हत्ती आणि माणूस यांच्यामध्ये भक्कम लोखंडी गजांचं कुंपण. माणूस अलीकडे, हातात टोकाला मऊ गोळा असलेली काठी. हत्तिणीनं त्या गोळ्याला कपाळ लावलं की कलिंगडाची फोड. मग गोळा खाली जातो, तिनं पाय लावला की पुन्हा फोड. काही दिवसांनी ती स्वतःहून पाय उचलून गजांमधल्या चौकटीवर ठेवते आणि माणूस बसून तळवा साफ करतो, नख कानसतो, औषध लावतो. कंटाळली की ती पाय काढून घेऊन निघून जाते. तिला जाऊ देतात, आणि तिला जाऊ देतात म्हणूनच ती उद्या परत येते. अंकुश नाही, साखळी नाही, ओरडणं नाही. आणि माणसाचाही जीव वाचतो. केरळात दरवर्षी पाळीव हत्तींच्या पायाखाली माहूत मरतात, त्यांच्या बायकापोरांना विचारा या कुंपणाची किंमत काय आहे.

यात माहुताला कुणी कमी लेखत नाही. हत्तिणीचा कान कसा हलला की ती रागावली, तिला कुठला पाला आवडतो, ती कुणाला घाबरते, हे माहुताइतकं कुणालाच कळत नाही, आणि कुठलाही शहाणा पाहुणा पहिल्यांदा त्यालाच विचारतो. माझा प्रश्न माहुताचं कौतुक करणाऱ्यांना आहे. त्याला पगार किती, हे तुम्ही कधी विचारलंत? त्याला प्रशिक्षण कुणी दिलं? तो आजारी पडला तर हत्तीण कुणाच्या हवाली? त्याचा मुलगा हे काम करणार आहे का? ज्या माणसाला आपण आयुष्यभर एकट्यानं, अपुऱ्या पैशांत, अंकुशाच्या भरवशावर तीन टनांच्या जिवाशी झुंजत ठेवलं, त्याच्या मायेचे पोवाडे गाऊन आपली जबाबदारी संपते का? त्याला शिकवायला कुणी येत असेल तर दार उघडायला हवं.

आता ‘वनतारा’. बड्या उद्योगसमूहाची संस्था आहे, परराज्यात आहे, आपला प्राणी तिथं गेला तर पुन्हा दिसणार नाही, ही शंका मी समजू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं माजी न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक नेमलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यानं संस्थेत गैर काही आढळलं नसल्याचा निर्वाळा दिला. तरी नागरिकांनी प्रश्न विचारत राहावं, उपचारांच्या नोंदी मागाव्यात, भेटीची परवानगी मागावी. एवढं मी मान्य करतो आणि इथंच थांबतो. कारण ‘ती संस्था आवडत नाही’ यावरून ‘होतं तेच बरं होतं’ हे सिद्ध होत नाही. दवाखान्याच्या मालकावर राग असला म्हणून रुग्णाला घरीच कुजत ठेवायचं का? तिथं नको असेल तर तितकंच चांगलं इथं उभं करा.

‘मग जंगलात सोडा’ म्हणणाऱ्यांना मी फार वेळ देणार नाही. कुठल्या जंगलात? आमच्या पनवेलजवळचं कर्नाळा बारा चौरस किलोमीटरचं, मधून महामार्ग जातो. सिंधुदुर्गात दोडामार्ग-तिलारीकडे कर्नाटकातून येणारे रानटी हत्ती आणि तिथले बागायतदार गेली वीसेक वर्षं एकमेकांना कसे सोसत आहेत, हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तिथं संधिवातानं जखडलेली, माणसांच्या हातून खायची सवय लागलेली, कळप म्हणजे काय हे विसरलेली हत्तीण सोडली, तर महिनाभरात ती कुणाच्या तरी केळीच्या बागेत पडलेली सापडेल. वर सांगितलेल्या चार गोरिला माद्यांनाही सोडण्याआधी कित्येक वर्षं कळपात वाढवावं लागलं, आणि त्या तरुण, धडधाकट होत्या.

धर्माचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. मठाची हत्ती बाळगण्याची परंपरा सातशे वर्षांची सांगतात, आणि ज्यांच्या घरात तिच्या दर्शनानं शुभकार्य सुरू व्हायचं त्यांचं दुःख खरं आहे. पण ज्या धर्मानं मुंगीच्या जिवाचाही विचार करायला शिकवलं, त्याच्याच नावानं एका जिवाच्या पायांची कूज दुर्लक्षित करायची? जखमी, म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या जनावरांना मरेपर्यंत सांभाळणाऱ्या पांजरपोळा या देशाला दिल्या त्या प्रामुख्यानं जैन समाजानं. मुंबईत भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ पासून उभी आहे. कामाला न येणाऱ्या प्राण्याला काही न मागता जगू देणं, ही कल्पना परदेशातून आलेली नाही. ती या समाजाच्या घरचीच आहे. मिरवणुकीला हत्ती हवाच असेल तर केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजडप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिरानं २०२३ मध्ये यांत्रिक हत्ती स्वीकारून वाट दाखवली आहे. भक्तांची श्रद्धा त्यानं उणावल्याचं ऐकिवात नाही.

आणि ज्यांना वाटतं की हत्तीवर होणारा एवढा खर्च माणसांवर करावा, त्यांना मुलुंडची बिजली हत्तीण आठवते का? लग्नाच्या वरातींत आणि रस्त्यांवर भीक मागत मुंबई-ठाण्याच्या डांबरावर तिची हयात गेली. जून २०१३ मध्ये ती मुलुंडला कोसळली. क्रेन आली, डॉक्टर आले, शेकडो माणसं रात्रंदिवस खपली. ३० जूनला ती गेली. त्या काळात असे हत्ती आमच्याकडेही यायचे. भर दुपारी सिग्नलजवळ उभी असलेली एक हत्तीण मला अजून दिसते : एक मागचा पाय उचलायची, टेकवायची, पुन्हा उचलायची, आणि लोक दहाची नोट सोंडेत देऊन मुलाच्या डोक्यावर सोंड ठेवून घ्यायचे. डांबर किती तापलं होतं हे आम्ही आमच्या चपलांवरून ओळखत होतो. आपण त्यांच्याकडून घेतच आलो, पैसे, आशीर्वाद, शोभा. देणं चुकवायची वेळ आली की आपल्याला एकदम गरीब माणसं आठवतात.

६ ऑगस्ट २०२५ रोजी ‘वनतारा’नं प्रस्ताव दिला : नांदणी परिसरातच महादेवीसाठी पुनर्वसन केंद्र उभारायचं. पोहण्या-डुंबण्यासाठी आणि उपचारांसाठी तलाव, लेझर उपचारांची खोली, रात्रीचा निवारा, साखळीविना फिरायला मोकळी जागा, वाळू, रबराची जमीन, चोवीस तास डॉक्टर, आणि यासाठी देशाबाहेरच्या जाणकारांचाही सल्ला. तेव्हा गावात जल्लोष झाला, कारण लोकांनी त्यातून एवढंच ऐकलं की ती परत येणार. मी मात्र त्या यादीतली एकेक गोष्ट वाचत होतो. त्यातली प्रत्येक वस्तू हे आपल्याविरुद्धचं आरोपपत्र आहे, कारण तेहतीस वर्षांत त्यातलं काय आपण तिला दिलं होतं?

केंद्र व्हावं, नांदणीतच व्हावं, आणि लवकर व्हावं. पण ते कसं व्हावं यावर आता तरी बोलूया. तलाव आणि शेड ठेकेदार बांधेल. केंद्र माणसांनी बनतं. शिरोळ तालुक्यातली आठ-दहा मुलं-मुली आजच निवडा, तिच्या जुन्या माहुताला त्यांचा प्रमुख करा, सगळ्यांना नियमित पगार द्या. त्यांना महिनोन्‌महिने जिथं हत्ती साखळीविना सांभाळले जातात तिथं पाठवा, आणि तिथले अनुभवी रखवालदार इथं आणून त्यांच्या बरोबर राबू द्या, जोवर हे काम आमच्या पोरांच्या हातात बसत नाही तोवर. ती रोज किती तास आडवी झाली, कुठल्या पायावर जोर दिला, तळव्याची जखम किती भरली, याच्या नोंदी दर महिन्याला लोकांसमोर ठेवा. दर्शन लांबून, कुंपणाबाहेरून. मिरवणूक बंद, कायमची. आणि तिथं ती एकटी असता कामा नये. देशात अडीच हजारांच्या आसपास हत्ती कैदेत आहेत. त्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या, लंगड्या, आंधळ्या हत्तिणींना जागा हवी आहे. त्यांच्याकडून आशीर्वाद मिळणार नाही, वरातीला त्या चालणार नाहीत, खर्च मात्र तेवढाच येईल. अशा दोघी-तिघींना महादेवीच्या सोबतीनं आमच्या जमिनीवर मरेपर्यंत राहू द्यायची नांदणीची आणि आम्हा सर्वांची तयारी आहे का? पुन्हा सह्या गोळा करायच्याच असतील तर या मागणीवर करा, नवीन पनवेलच्या कागदावर पहिली सही माझी घ्या.